पाण्याची हमाली

एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड २०२२ मध्ये बाजारात आलं, तेव्हा त्याची वीज खाण्याची मर्यादा ४५० वॅट होती. २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ने ती ५७५ वॅटवर नेली. शेजारी एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स बसवला, तर पूर्ण भारावर तो आणखी २३० वॅट ओढतो. गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना ही वीज कामी येऊन संपली असं वाटतं, पण उष्णतेचा हिशेब तसा मिटत नाही. आत गेलेला जवळपास प्रत्येक वॅट शेवटी ताप होऊन बाहेर येतो. सहा-सातशे वॅटचा हा ताप निघतो तो नखाएवढ्या दोन-तीन चकत्यांमधून, आणि तो वेळेवर उपसला नाही, तर चिप स्वतःच आपला वेग कमी करते. मग दीड-दोन लाखांच्या कार्डाचा थाट गेला कुठे, असं विचारायची वेळ येते.

हा उपसा करण्याची सगळ्यात देखणी आणि सगळ्यात खटपटीची रीत म्हणजे 'कस्टम लूप'. प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डवर तांब्याचे पोकळ ठोकळे बसवायचे, त्यांतून पाणी खेळवायचं, ते पाणी रेडिएटरमधून नेऊन पंख्यांनी निववायचं आणि पंपाने पुन्हा ठोकळ्यांकडे पाठवायचं. बाहेरून काचेतून हे सगळं दिसत असतं, त्यामुळे नळ्या काटकोनात वळवलेल्या असतात, पाणी कधी रंगीत असतं, आणि कॅबिनेटचा पत्रा कंपनीच्या काळ्या-पांढऱ्या रंगात ठेवायला मन होत नाही. तिथे विनाइलचा रॅप येतो. म्हणजे या छंदात अर्धं काम प्लंबरचं आणि उरलेल्यातलं बरंचसं रेडियमवाल्याचं. इलेक्ट्रॉनिक्स म्हणावं असं त्यात फार थोडं असतं. मदरबोर्डवर प्रोसेसर आणि रॅम बसवायला अर्धा तास पुरतो. नळ्यांना दोन शनिवार-रविवार लागतात.

'वॉटर कूलिंग' म्हटलं की पाणी संगणकाला गार करतं, असा समज होतो. पाणी गार करत नाही. ते हमाली करतं: ताप इथून उचलायचा, तिथे नेऊन टाकायचा. या कामासाठी त्याच्याइतका दांडगा गडी स्वस्तात दुसरा मिळत नाही. एक लिटर पाण्याचं तापमान एका अंशाने वाढायला सुमारे ४,१८० ज्यूल लागतात. तेवढ्याच आकारमानाच्या हवेला जेमतेम सव्वा ज्यूल. आकारमानाला आकारमान लावलं, तर पाणी हवेच्या साडेतीन हजार पट ताप पोटात घेतं. म्हणून बोटभर जाडीच्या नळीतून निघून जाणारी उष्णता हवेने न्यायची झाली, तर पंख्यांना घरघरावं लागतं.

पण हमालाने आणलेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं लागतं. ते काम शेवटी खोलीतली हवाच करते. त्यामुळे साध्या लूपमधलं पाणी खोलीपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. चांगल्या जुळणीत ते खोलीच्या तापमानाहून आठ-दहा अंश वर राहतं, आणि तेवढ्यावर समाधान मानायचं असतं.

पाणी गार असायची गरजही नसते. आयबीएम आणि झुरिचचं ईटीएच विद्यापीठ यांनी २०१० मध्ये 'ॲक्वासार' नावाचा महासंगणक उभा केला. त्यात प्रोसेसरवर जाणारं पाणीच ६० अंशांपर्यंत गरम असे. चिपला ८० अंश चालतात, मग ६० अंशांचं पाणीही तिच्या दृष्टीने थंडच, हा त्यामागचा विचार. शिवाय इतकं गरम पाणी बाहेर पडल्यावर विद्यापीठाच्या इमारती उबदार ठेवायला वापरता येतं. म्युनिकजवळच्या लाइबनिट्झ केंद्रातल्या सुपरएमयूसीने २०१२ मध्ये हीच गरम पाण्याची रीत मोठ्या प्रमाणावर राबवली. त्याच्याही आधी, १९८० मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ या मोठ्या यंत्रात शंभरावर चिप एकाच डब्यात बसवून, प्रत्येकीच्या पाठीवर स्प्रिंगचा धातूचा दट्ट्या टेकवून, मधल्या फटींमध्ये हेलियम भरून वरून पाणी फिरवलेलं होतं. क्रे-२ ने १९८५ मध्ये तर पाणीही सोडलं आणि सगळे सर्किट बोर्ड फ्लुओरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून टाकले.

घरगुती छंदाचा उगम मात्र असा भारदस्त नाही. १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की हा ३०० मेगाहर्ट्झचा गडी ४५० वर धावतो, हे लोकांच्या लक्षात आलं आणि ओव्हरक्लॉकिंगचं वेड पसरलं. वेग वाढला, ताप वाढला. तेव्हा पीसीसाठी तयार रेडिएटर, पंप असं काही दुकानात मिळत नव्हतं. अमेरिकेतल्या पोरांनी भंगारातल्या गाड्यांचे हीटर कोअर काढले. १९७७ च्या पाँटियाक बॉनव्हिलचा हीटर कोअर तर या वर्तुळात नावाजलेला होता, कारण त्याच्या आकाराशी पंखे बरे जुळत. पंप आले माशांच्या टाक्यांमधून, बहुतेक जर्मन कंपनी एहाइमचे. तांब्याचा ठोकळा ड्रिल मशिनवर घरीच कोरायचा. हळूहळू यातूनच छोट्या कंपन्या निघाल्या आणि आज जे पाव इंची आट्यांचं प्रमाण सगळीकडे चालतं ते रुळलं.

त्या आट्यांबद्दल इथेच सांगायला हवं. ते बीएसपी घराण्यातले, म्हणजे आपला प्लंबर रोज हाताळतो त्याच वंशाचे आहेत. पण घरच्या नळाला टेफ्लॉन टेप किंवा सफेदा-सूत गुंडाळून गळती अडवतात, तसं इथे करायचं नसतं. हे आटे सरळ असतात, निमुळते नसतात. पाणी अडतं ते फिटिंगच्या बुडाशी बसलेल्या रबरी ओ-रिंगवर. हाताने घट्ट बसेल तेवढंच पुरे. पान्हा घेऊन जोर लावला, तर ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला तडा जातो, आणि तो तडा कधीकधी पाणी भरून आठवडा झाल्यावर दिसतो.

पाण्याचा फायदा कुठे किती होतो, हे चिपच्या क्षेत्रफळावर ठरतं. इथे बऱ्याच जणांची निराशा होते. आरटीएक्स ४०९० ची चिप ६०८ चौरस मिलिमीटरची आहे. ४५० वॅट तिच्यावर पसरले, तर चौरस मिलिमीटरला पाऊण वॅटही येत नाही. पाण्याखाली असं कार्ड पूर्ण भारावरही पन्नाशीच्या आसपास राहू शकतं. रायझन ७९५०एक्सच्या कोअर मात्र सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये कोंबलेल्या आहेत. तिथे हीच घनता जवळजवळ दुप्पट होते, आणि ताप पाण्यापर्यंत पोचण्याआधी चिप, तिच्यावरचं धातूचं झाकण आणि थर्मल पेस्ट अशी नाकी ओलांडून येतो. भोवताली कितीही पाणी खेळवा, हा प्रोसेसर भाराखाली आपल्या ९५ अंशांच्या मर्यादेकडे सरकतोच. एएमडीने त्याला तसाच घडवला आहे. म्हणून निव्वळ प्रोसेसरसाठी लूप बांधणं हा पैशाचा अपव्यय, असं स्पष्टच म्हणायला हवं. लूपची खरी कमाई ग्राफिक्स कार्डावर होते.

दुसरी कमाई आवाजात होते. पंख्याचा वेग निम्म्यावर आणला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. मोठ्या रेडिएटरवर सहा-नऊ पंखे संथ फिरवणं हे एका छोट्या पंख्याला पिदडण्यापेक्षा कितीतरी शांत. त्यात पाण्याचं वजनही मदतीला येतं. लूपमध्ये लिटरभर पाणी धरलं आणि ६८० वॅट त्यात एकाएकी ओतले, पंखे अगदी बंद ठेवले, तरी तापमान दहा अंशांनी चढायला मिनिटभर लागतं. हवेवरच्या संगणकात एखादी फाइल उघडली की पंखा घुईं करून उठतो आणि लगेच बसतो. लूपमध्ये पंख्यांची सूत्रं प्रोसेसरऐवजी पाण्यातल्या सेन्सरकडे दिली, की ही उठाबशी थांबते.

रेडिएटर बसवायचे तर कॅबिनेट तसं हवं. या कामासाठी गेल्या काही वर्षांत ज्याचं नाव पुन्हा पुन्हा निघतं ते तैवानच्या लियान ली कंपनीचं ओ११ डायनॅमिक. २०१८ चं हे कॅबिनेट जर्मन ओव्हरक्लॉकर रोमान हार्टुंग, म्हणजे 'डेअरबाउअर', याच्या सहकार्याने घडलं. त्याची पोटं दोन आहेत: एकात मदरबोर्ड आणि दिखाऊ माल, मागच्या दुसऱ्यात एसएमपीएस, तारांचा गुंता, हार्ड डिस्क. वर, खाली आणि बाजूला मिळून ३६० मिलिमीटरचे तीन रेडिएटर बसतात. पुढची आणि डावी बाजू पूर्ण काचेची. काच इतकी असल्यामुळे रॅपसाठी पत्रा थोडाच उरतो, आणि नवशिक्याला ते सोयीचंच पडतं.

रॅप आधी, पाणी नंतर. हा क्रम उलटवता येत नाही, कारण पाणी भरलेलं कॅबिनेट खोलून पत्रे सुटे करणं कुणाच्या जिवावर येणार नाही? शिवाय हीट गनची गरम हवा आणि वळवलेल्या नळ्या यांचं एकमेकांशी वाकडं आहे.

रॅपचं विनाइल दिसायला एकसारखंच असलं, तरी त्याच्या दोन जाती आहेत. कॅलेंडर्ड फिल्म गरम रुळांमधून लाटून काढतात. लाटताना ती ताणली जाते आणि तो ताण तिच्या अंगात राहतो. संधी मिळाली की ती पुन्हा आखडायला बघते. कास्ट फिल्ममध्ये पातळ मिश्रण सपाट पृष्ठभागावर ओतून भट्टीत वाळवतात. ती ओढली न गेल्याने तिच्या अंगात असा ताण नसतो, आणि ती ५० मायक्रॉनच्या आसपास पातळ ठेवता येते. थ्रीएमची २०८० मालिका, एव्हरी डेनिसनची सुप्रीम रॅपिंग फिल्म या गाड्यांसाठीच्या कास्ट जाती. रोल दीड मीटरभर रुंद येतो, त्यातून कॅबिनेटचे सगळे पत्रे निघून तुकडे उरतात. रिक्षाच्या मागच्या नावांसाठी आणि दुचाकीच्या पट्ट्यांसाठी रेडियमच्या दुकानात जी शीट वापरतात, ती बहुधा कॅलेंडर्ड असते. सपाट पत्र्यावर तीही चालते. वळणदार कडेवर ती काही महिन्यांत माघार घेते आणि खालचा मूळ रंग केसासारखा डोकावू लागतो.

पत्रे सुटे करायचे. रबरी पाय, स्क्रू, जाळ्या, लोगो सगळं काढायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसायचा, मग बोट न लावता पुन्हा पुसायचा. खोलीतला पंखा बंद करायचा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण फिल्मखाली अडकलेला धुळीचा एक कण उजेडात फोडासारखा उठून दिसतो. फिल्म चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर मोठी कापायची, मागचा कागद सोलून ती दोघांनी टोकांना धरून पत्र्यावर अलगद टेकवायची. चांगल्या फिल्मच्या गोंदात हवा निघून जायला बारीक खाचा असतात आणि दाबल्याशिवाय गोंद पक्का धरत नाही, त्यामुळे चुकलं तर उचलून पुन्हा लावता येतं. मग कडेला फेल्ट लावलेली स्क्वीजी मध्यावरून बाहेर, एकावर एक पट्टे चढवत ओढायची.

खरी परीक्षा कोपऱ्यावर होते. तिथे फिल्म जास्त होते आणि चुण्या पडतात. नवशिका त्या दाबून चपट्या करायला जातो आणि फसतो. चुणी दिसली की फिल्म उचलायची, हीट गनने नरम करायची, गार होताना तिचा ताण सुटू द्यायचा आणि मग दोन बाजूंनी थोडी थोडी ओढत कोपऱ्यावरून खाली उतरवायची. कड मागे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दुमडायची. शेवटी सगळ्या कडा आणि ताणलेले भाग ९५ ते १०५ अंशांच्या घरात तापवायचे, म्हणजे फिल्म आपला जुना आकार विसरते. हा शेवटचा शेक न दिल्यामुळे जेवढे रॅप सुटतात, तेवढे वाईट गोंदामुळे सुटत नसावेत. खरखरीत पावडर कोटिंग असलेल्या पत्र्यावर मात्र गोंद केवळ उंचवट्यांना चिकटतो. तिथे प्रायमर लावा, नाहीतर रॅपचा नाद सोडून स्प्रेच्या रंगाकडे वळा.

रॅपमुळे संगणक तापतो का, हा प्रश्न हमखास येतो. पातळ फिल्मचा काही परिणाम होत नाही, कारण ताप पत्र्यातून जातच नाही, हवेबरोबर जातो. पण सफाईच्या मोहात हवेच्या जाळीवर फिल्म ताणून बसवली, तर लूपचा दमच कोंडतो. जाळीभोवतीची फिल्म धारदार पात्याने कापून कड आत वळवलीच पाहिजे. बाकी गाडीचा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. कॅबिनेट आज जांभळं, दिवाळीला पितळी केलं तरी आरटीओला सांगावं लागत नाही.

विनाइल म्हणजे पीव्हीसी. भिंतीतल्या सांडपाण्याच्या कडक पाइपांचंच हे प्लास्टिक. त्याला नरम केलं ते वॉल्डो सेमन या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने, बी. एफ. गुडरिच कंपनीत १९२६ मध्ये. नरम करणारा पदार्थ, म्हणजे प्लॅस्टिसायझर, पीव्हीसीच्या साखळ्यांना रासायनिक बंधाने बांधलेला नसतो, नुसता त्यांच्या मधे बसलेला असतो. उबेने आणि काळाने तो बाहेर झिरपतो. स्वस्त फिल्म दोन उन्हाळ्यांनी आखडते आणि कडक होते, त्यामागे हेही एक कारण असतं. आणि लूपमध्ये पारदर्शक मऊ नळी वापरली असेल, तर तिच्यातूनही हाच पदार्थ पाण्यात उतरतो. नळी दुधाळ होते, आणि निघालेला चिकटा जाऊन बसतो वॉटर ब्लॉकच्या पोटात. तिथे तांब्याचे पातळ पापुद्रे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फटीने उभे असतात, म्हणजे गाळणीच तयार. सहा-आठ महिन्यांत प्रोसेसर विनाकारण तापू लागला आणि ब्लॉक खोलला, तर त्या फटींमध्ये पांढरट साय सापडते. म्हणून मऊ नळी हवी असणारे हल्ली काळ्या ईपीडीएम रबराकडे वळले आहेत. ती दिसायला रुक्ष, पण वर्षानुवर्षं तशीच राहते.

दिखाव्याची हौस असणारे कडक नळी घेतात: पीईटीजी किंवा ॲक्रिलिक. पीईटीजी ८० अंशांच्या आसपास नरम पडतं, ॲक्रिलिक १०५ च्या. पीईटीजी वळवायला सोपं, चुका पोटात घेणारं. पण पाणी ६० अंशांकडे गेलं, तर फिटिंगमधली नळीची टोकं किंचित बसकी होतात आणि गळती सुरू होते. ॲक्रिलिक तापाला पक्कं, पण कापताना तडकतं. कोणतंही घ्या, आत सिलिकॉनचा दोर सारायचा, म्हणजे वळणावर नळी चेपत नाही. साबणाचं पाणी लावल्याशिवाय तो सरत नाही. मग हीट गनसमोर नळी सतत फिरवत राहायची. ती एकदम नरम होत नाही. टोकाला किंचित मान टाकते, आणि तोच क्षण वळवायचा असतो. जास्त तापली तर आत बारीक बुडबुडे उठतात आणि ती नळी भंगारात जाते. वळल्यावर गार होईपर्यंत धरून ठेवायची. कापलेल्या टोकाची धार कानशीने मारून गोल करायची, कारण ती धार ओ-रिंगला चिरते आणि चिरलेली ओ-रिंग डोळ्यांना दिसत नाही.

पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावं की कार्डकडे, यावर या वर्तुळात तासन्‌तास वाद चालतात. हिशेब केला तर वाद मिटतो. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल आणि ते ६८० वॅट उचलत असेल, तर सगळ्या फेरीत त्याचं तापमान साधारण अडीच अंशांनी वाढतं. क्रम बदलून मिळून मिळून मिळणार एवढंच. म्हणून नळ्यांची वाट दिसायला नीट, जोडायला सोपी असेल तशी ठेवावी. नियम एकच: टाकी पंपाच्या वर, आणि पंप कधी कोरडा चालू नये. बहुतेक लूपमध्ये लाइंग कंपनीच्या रचनेचा डी५ पंप असतो. त्याचा फिरता भाग सिरॅमिकच्या एका गोळीवर तोललेला असतो आणि त्याला वंगण म्हणून तेच फिरणारं पाणी मिळतं. पाणी नाही, तर वंगण नाही.

पाणी कोणतं? बोअरचं नाही, नळाचं नाही, घरच्या आरओचंही नाही; आरओच्या पाण्यात क्षार उरतातच. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं पाणी खरंच ऊर्ध्वपातित असेल तर चालतं, पण नुसतं नाही. शेवाळ आणि जिवाणू रोखायला औषध आणि गंज रोखायला मिश्रण घालावं लागतं. तयार कूलंटमध्ये बहुधा ग्लायकॉलसोबत ही दोन्ही असतात. दुधासारखे दाट रंगाचे कूलंट फोटोत फार सुंदर दिसतात. ती सुंदरता पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांची असते आणि ते कण कधीतरी खाली बसतात. तेव्हा तसं कूलंट प्रदर्शनाला ठीक, रोजच्या यंत्रात नको.

धातू मिसळू नयेत. तांब्याचं विद्युत विभव अधिक ०.३४ व्होल्ट, ॲल्युमिनियमचं उणे १.६६. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात ठेवले, की ॲल्युमिनियम झिजून विरघळू लागतं. रेडिएटर तांबे-पितळेचाच घ्यावा, आणि स्वस्त संच घेताना तो कशाचा आहे हे विचारूनच पैसे मोजावेत.

जुळणी झाली की आधी हवा भरायची. सायकलच्या पंपासारखं छोटं उपकरण मिळतं; त्याने अर्धा बार दाब देऊन काटा पंधरा मिनिटं हलतो का ते बघायचं. हलला नाही तरच पाणी. पाणी भरताना मदरबोर्डला वीज द्यायची नसते. एसएमपीएसच्या २४ पिनी कनेक्टरवर जंपर लावून एकटा पंप चालवायचा, टाकी रिकामी होत आली की बंद करायचा, पुन्हा भरायची, पुन्हा चालू. सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवायचे. मग कॅबिनेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे तिरकं करत रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढायची. त्याचा गुळगुळाट हळूहळू थांबतो. पूर्ण थांबायला एखाददोन दिवसही लागतात.

आपल्याकडच्या हवामानाचा हिशेब युरोपातल्या माहितीपत्रकांत मिळत नाही. नागपूरला मे महिन्यात कूलर नसलेल्या खोलीत ३८-४० अंश असतील, तर पाणी पन्नाशीला टेकणार. पीईटीजी नळीला आणि पंपाला तिथून ६० ची मर्यादा फार दूर नाही. विदर्भ-मराठवाड्यात म्हणून रेडिएटरचं क्षेत्र सढळ ठेवावं आणि कडक नळी ॲक्रिलिकची घ्यावी. कोकणातल्या पावसाळ्याची मात्र धास्ती नको. दव धरतं ते भोवतालच्या हवेपेक्षा गार पृष्ठभागावर, आणि लूपमधलं पाणी खोलीहून गार होतच नाही. रत्नागिरीत संगणकाला घाम फुटायचा असेल, तर त्याला चिलर जोडावा लागेल. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये बसलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही प्रोसेसरला लागून असलेल्या प्लेटांतून द्रव फिरवूनच थंड ठेवतात. एनव्हिडियाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या एनव्हीएल७२ या एका कपाटात ७२ जीपीयू आहेत आणि ते कपाट १२० किलोवॅटच्या घरात वीज घेतं. तिथे पंख्यांवर भागणं शक्यच नाही.

घरी मात्र भागतं. नॉक्टुआच्या एनएच-डी१५ सारखा हवेवरचा कूलर २०१४ पासून बहुतेक प्रोसेसरांना पुरून उरला आहे. पाणीच हवं असेल, तर २००९ च्या कॉर्सेअर एच५० पासून रुळलेले बंद डब्याचे संच मिळतात, त्यांत ना भरायचं ना काढायचं. कस्टम लूपला लागणाऱ्या पैशात दुसरा बरासा संगणक उभा राहतो, आणि गळतीचा धोका कधी पूर्ण जात नाही. ॲपलसारख्या कंपनीने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ मध्ये कारखान्यातच द्रव भरून दिला होता. काही वर्षांनी त्यातली बरीच यंत्रं गळाली आणि आतला पत्रा खाऊन गेली. ज्याला नळी वळवण्यात, पत्र्यावर फिल्म चढवण्यात मौज वाटत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

ज्याला वाटते, त्याने विकत घेतानाच कुठला माल टिकतो ते बघावं. वर्ष-दोन वर्षांनी पाणी बदलावं लागतं. त्यासाठी लूपच्या सगळ्यात खालच्या जागी एक व्हॉल्व्ह आधीच ठेवलेला बरा. रॅपचा कंटाळा आला, तर कोमट करून, फिल्म स्वतःवरच दुमडत हळू ओढली की चांगल्या प्रतीची फिल्म रंगाला धक्का न लावता निघते. रेडिएटर, पंप, टाकी, फिटिंग दोन-तीन संगणकांना पुरतात. प्रोसेसरचा ब्लॉक बहुधा नुसता क्लॅम्प बदलून पुढच्या सॉकेटवर बसतो. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक मात्र त्या एका कार्डाच्या बोर्डाच्या मापाने कोरलेला असतो; नवं कार्ड आलं की तो निरुपयोगी, आणि जुनं कार्ड विकायचं तर कंपनीचा मूळ हीटसिंक, त्याचे इवलेसे स्क्रू आणि पॅड माळ्यावरच्या कुठल्या खोक्यात ठेवले होते ते शोधावं लागतं.